मोबाइलवरची पाटी
एस्टेट एजंट आणि छोट्या दुकानदारांनी काय करावे, काय टाळावे

भिवंडीत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाला मुंब्रा-कौसा भागात बिऱ्हाड हलवायचे आहे असे समजा. पूर्वी तो इथल्या एखाद्या नातेवाइकाला निरोप पाठवी, चहाच्या हॉटेलात चौकशी करी, नाहीतर स्टेशनबाहेर उतरून दिसेल त्या पाटीखालच्या दुकानात शिरे. आजही तो नातेवाइकाला विचारतोच. परंतु त्याआधी घरी बसून मोबाइलवर "मुंब्रा भाड्याने घर" अशी चार अक्षरे टाकून पाहतो. पडद्यावर नकाशा येतो आणि त्याखाली दोन-तीन नावे येतात. त्यांपैकी एकाला तो फोन लावतो. वीस वर्षे त्याच रस्त्यावर इमानाने धंदा करणाऱ्या एजंटाचे नाव त्या यादीत नसेल, तर या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो एजंट तिथे नाहीच.

चष्म्याचे दुकान, शिलाईचे काम, गॅरेज, मिठाईचे दुकान, घरगुती डबे या सर्वच धंद्यांची आज अशी स्थिती आहे. आमच्याकडे व्यापारी बांधव येतात आणि विचारतात की, "यासाठी किती पैसे लागतात?" आमचे उत्तर असे की मुख्य कामाला एक पैसाही लागत नाही, लागते ती थोडी चिकाटी आणि खरे लिहिण्याची सवय. ही दुसरी गोष्ट घरांच्या धंद्यात किती मोलाची आहे ते पुढे येईलच.

पाटी कोणाच्या नावावर आहे?

गूगलच्या नकाशावर दुकानाची जी माहिती दिसते तिला आता "गूगल बिझनेस प्रोफाइल" म्हणतात. 2014 ते 2021 या काळात तिचे नाव "गूगल माय बिझनेस" असे होते. ही नोंद मोफत आहे. दुकानाचे नाव, पत्ता, फोन, वेळ आणि धंद्याचा प्रकार भरायचा. मग दुकान खरोखर तुमचेच आहे याची पडताळणी होते. त्यासाठी कधी फोनवर सांकेतिक आकडा येतो, तर कधी पाटी, रस्ता आणि दुकानाचा अंतर्भाग दाखवणारी छोटी चित्रफीत मागितली जाते.

आमच्या परिचयाच्या एका चष्मेवाल्यांनी हे काम एका फिरत्या माणसाला काही हजार रुपये देऊन करून घेतले. त्याने नोंद केली ती स्वतःच्या ईमेलवरून. दोन वर्षांनी दुकान चार गल्ल्या पलीकडे हलवले, तेव्हा नकाशावरचा पत्ता बदलायचा कसा हा प्रश्न आला. तो माणूस फोन उचलीना. जुने गिऱ्हाईक नव्या जागी पोहोचत होते. नवे मात्र बंद शटरसमोर उभे राहून परत जात होते. गूगलकडे मालकी मागण्याचा रीतसर अर्ज करता येतो, तो आम्ही त्यांच्याबरोबर बसून केला आणि काम झाले. पण मधला सगळा हंगाम हातचा गेला.

म्हणून पहिली सूचना ही की नोंद स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या ईमेलवरून करावी. मदतनीस ठेवायचाच असेल तर मालकी आपल्याकडे ठेवून त्याला फक्त व्यवस्थापक म्हणून जोडता येते. पडताळणीचा आकडा फोनवर कोणालाही सांगू नये. "तुमची नोंद बंद होणार आहे, लगेच पैसे भरा" असा फोन आल्यास तो सरळ ठेवून द्यावा.

नाव, पत्ता आणि वेळ

नोंदीत नाव तेच लिहावे जे दुकानाच्या पाटीवर आहे. पुष्कळजण नावापुढे "मुंब्र्यातील सर्वोत्तम, स्वस्त घरे, दुकाने, गाळे" अशी शेपटी जोडतात. गूगलच्या नियमांत हे बसत नाही आणि कोणी तक्रार केली तर नोंद स्थगित होऊ शकते. धंद्याचे वर्णन करण्यासाठी 750 अक्षरांची वेगळी जागा दिलेली असते. धंद्याचा एक मुख्य प्रकार आणि त्याशिवाय नऊ उपप्रकार निवडता येतात. वर्णनाची हौस तिथे भागवावी.

पत्त्याच्या बाबतीत आपल्या वस्त्यांची अडचण वेगळी आहे. इथे गल्लीला नाव नसते, इमारतींची नावे सारखी असतात आणि सगळा पत्ता शाळेच्या मागे किंवा दवाखान्याच्या वर असा सांगितला जातो. अशा वेळी नकाशावरची खूण हाताने सरकवून नेमकी आपल्या जिन्यापाशी आणून ठेवावी. एकदा स्वतः रस्त्यावर उभे राहून, परक्या माणसाच्या मोबाइलवरून मार्ग शोधून पाहावा. पत्त्याचे आणि नावाचे स्पेलिंग पाटीवर, पावतीवर आणि मोबाइलवर एकच ठेवावे.

घरातून डबे देणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनींना घरचा पत्ता जगजाहीर करण्याची इच्छा नसते, आणि ती योग्यच आहे. त्यांना पत्ता झाकून फक्त सेवा देण्याचे भाग लिहिता येतात. असे वीसपर्यंत भाग नोंदवता येतात. इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांनाही हीच सोय लागू आहे.

वेळेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रमजानमध्ये बाजाराचे सारे वेळापत्रक बदलते, ईदला दुकान बंद असते, शुक्रवारी दुपारी काही वेळ शटर खाली असते. या विशेष वेळा आधीच भरून ठेवण्याची सोय नोंदीत आहे. कुर्ल्याहून लोकल पकडून आलेले गिऱ्हाईक कुलूप पाहून परतले, तर ते पुन्हा येत नाही.

वरचा क्रमांक विकत मिळतो काय?

"महिना पाच हजार द्या, तुमचे नाव गूगलवर पहिले आणून देतो" असे सांगणारे हल्ली दारोदार फिरत आहेत. गूगलने स्वतःच जाहीर केले आहे की नकाशावरील नावांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो. विचारलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, विचारणाऱ्यापासून तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचे नाव किती परिचित आहे. हा क्रम पैसे देऊन वर चढवता येत नाही. पैसे देऊन जाहिरात जरूर करता येते, पण ती वेगळी दिसते आणि तिच्यावर प्रायोजित असल्याची खूण असते. तेव्हा पहिल्या क्रमांकाची हमी देणारा मनुष्य जी वस्तू त्याची नाही तीच विकत आहे. अंतर तर कोणाच्याच हातात नाही. कौशात बसलेल्या एजंटाने ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर पहिला येण्याची हाव धरू नये. कौशातच नीट दिसावे.

आणखी एक इशारा. दुसऱ्याच्या जागेवर बांधलेली पाटी कायमची नसते. गूगलच्या नोंदीबरोबर छोटी मोफत वेबसाइट मिळत असे. ती सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली. ज्यांनी गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन आणि फोटो केवळ मोबाइलच्या भरवशावर ठेवले, त्यांना अशा वेळी धक्का बसतो. गिऱ्हाइकांची वही आपल्या गल्ल्यात असलीच पाहिजे.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय

मोबाइलवर तारे देण्याची जी पद्धत आहे तिच्यात आमचे व्यापारी दोन टोकांना जातात. काहीजण कोणाला विचारतच नाहीत, तर काहीजण भाचे, पुतणे आणि मित्रांकडून एका रात्रीत वीस कौतुके लिहून घेतात. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी "आयएस 19000" हे मानक काढले. ते ऐच्छिक म्हणून आले. परंतु सरकारची दृष्टी कोणीकडे आहे ते त्यावरून कळते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहेच.

सरळ मार्ग असा की काम समाधानाने पार पडल्यावर त्याच दिवशी गिऱ्हाइकाला नम्रपणे विनंती करावी. महिन्याला दोन खरे अभिप्राय आले तरी वर्षाला चोवीस होतात. कोणी तक्रार लिहिली तर भांडू नये. झालेली चूक कबूल करून ती कशी दुरुस्त केली ते दोन ओळीत लिहावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या शंभर वाचणाऱ्यांसाठी असते.

घरांचा धंदा आणि जाहिरातीची जबाबदारी

आता एस्टेट एजंटांविषयी थोडे विस्ताराने. चष्म्याची जाहिरात चुकली तर गिऱ्हाइकाचे काही शे रुपये जातात. घराची जाहिरात चुकली तर एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई जाते, आणि कधीकधी जीवही जातो. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळच्या शीळ भागात लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळली व 74 माणसे दगावली. इमारतीचे काम चालू असतानाच खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती. अशा इमारतीत "स्वस्तात राहा" असे सांगून माणसे नेणारा कोणीतरी असतोच. आज तेच सांगणे एका बोटाने हजार मोबाइलवर जाते.

"रेरा" या नावाने परिचित असलेला 2016 चा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नोंदणीस पात्र असलेल्या प्रकल्पातील घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटाने महारेराकडे स्वतःची नोंदणी केली पाहिजे, आणि असा प्रकल्प स्वतः नोंदलेला नसेल तर त्यातील घर विकण्यास मदत करता कामा नये. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही. या कायद्यातील जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे; कोणत्याही माध्यमातून केलेली प्रसिद्धी तीत येते. "मी तर फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो पुढे ढकलला" हा बचाव म्हणून टिकणारा नाही. नोंदणीच्या नियमांचा भंग करणाऱ्या एजंटाला दररोज 10,000 रुपये, याप्रमाणे एकूण घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढी दलाली तर कोणाला मिळतही नाही! विकासकांच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणे महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचे केले आहे. तो मोबाइलने टिपला की प्रकल्पाची माहिती गिऱ्हाइकासमोर उघडते.

तथापि केवळ रेरा क्रमांक पाहून थांबू नये. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतील 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली. म्हणून जाहिरात टाकण्यापूर्वी एजंटाने महापालिकेकडून परवानगी खरी असल्याची खात्री करून घ्यावी. ज्याने ही खात्री केली आहे त्याने तसे जाहिरातीत अवश्य लिहावे. गिऱ्हाईक आज स्वस्त घराइतकाच भरवशाचा माणूस शोधत आहे.

जाहिरातीत पुढील गोष्टी असाव्यात : घराचे चटई क्षेत्र, मजला, लिफ्ट आहे की नाही, पाण्याच्या वेळा, किंमत किंवा भाडे व अनामत, आणि आपली दलाली. फोटो त्याच घराचे असावेत. घर गेले की जाहिरात त्याच दिवशी उतरवावी. गेलेले घर दाखवत ठेवून गिऱ्हाइकाला बोलावणे आणि मग दुसरेच घर पुढे करणे ही युक्ती जुनी आहे. आता तिची शिक्षा अभिप्रायांच्या रूपाने सर्वांना वाचायला मिळते. मालकाच्या आधार कार्डाचा किंवा करारनाम्याचा फोटो मात्र कधीही कोणत्याही समूहात टाकू नये.

व्हॉट्सअॅप जपून वापरा

छोट्या धंद्यांसाठीचे वेगळे व्हॉट्सअॅप 2018 मध्ये आले. त्यात दुकानाची वेळ, पत्ता, मालाची किमतींसह यादी ठेवता येते आणि गिऱ्हाइकांना "भाड्याने हवे", "विकत हवे", "काम झाले" अशा चिठ्ठ्या लावता येतात. याचा उपयोग मोठा आहे. त्रास होतो तो न विचारता रोज सकाळी सर्वांना संदेश पाठवणाऱ्यांचा. लोक कंटाळून क्रमांक अडवतात, आणि अशा तक्रारी वाढल्या तर व्हॉट्सअॅप तो क्रमांकच बंद करू शकते. ज्याने दोन खोल्यांचे घर मागितले त्याला फक्त तेच कळवावे, आणि नको म्हटल्यावर थांबावे.

शेवटी हिशेब

ऑनलाइन जाहिरातीवर पैसे खर्च करायचे असतील तर आधी एक वही घालावी. येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, "आमचे नाव कोठून कळले?" आणि पाटी, ओळख, नकाशा, जाहिरात असे चार रकाने भरावेत. समजा महिन्याला 3,000 रुपये जाहिरातीवर गेले, तीस फोन आले आणि एकच व्यवहार झाला, तर तो व्यवहार 3,000 रुपयांना पडला. नकाशाच्या मोफत नोंदीवरून त्याच महिन्यात दोन व्यवहार झाले असतील, तर पुढचा पैसा कोठे घालायचा हे वहीच सांगेल. तीन महिने वही पाळावी, मगच निर्णय घ्यावा.

मोबाइलवरची पाटी रंगवायला पैसा लागत नाही, म्हणूनच तिच्यावर वाटेल ते लिहिण्याचा मोह होतो. आमच्या व्यापारी बांधवांना आमचे सांगणे इतकेच आहे की दुकानात समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला डोळ्यांत पाहून जे सांगता येईल, तेवढेच या पाटीवर लिहावे. या आठवड्यात एका संध्याकाळी स्वतःच्या दुकानाचे नाव मोबाइलवर टाकून पाहा. फोन बरोबर आहे काय, वेळ बरोबर आहे काय, आणि गेल्या वर्षी विकलेले घर अजून विक्रीला लावलेले तर नाही ना? सुरुवात तिथूनच करावी.