विश्लेषण : गाडी चालवताना जळका वास येतोय? कारण कसे ओळखाल, काय कराल?

सुटी संपवून पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना अनेक गाड्यांत एकच प्रश्न ऐकू येतो, 'काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का?' बहुतेक जण 'पुढच्या गाडीचा असेल' म्हणत काचा वर करतात. कधी ते खरेही असते. पण वास आपल्याच गाडीचा असेल, तर ब्रेक निकामी होण्याची किंवा आग लागण्याची ती पहिली सूचना असू शकते. वास कसा आहे आणि नेमका कधी आला, यावरून कारण बरेचसे ओळखता येते.

वास आपल्याच गाडीचा आहे का?

काचा खाली करा आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवा. तरीही वास कायम राहिला, तर सुरक्षित जागी थांबा. धूर दिसला किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर मात्र ही परीक्षा करत बसू नका, लगेच थांबा.

घाट चढताना वास आला तर?

जळक्या कागदासारखा उग्र वास असेल, तर बहुधा क्लच प्लेट तापली आहे. कोंडीत गाडी हाफ क्लचवर धरून ठेवल्याने असे होते. थांबून क्लच थंड होऊ द्या. नंतर चढावर गाडी हँडब्रेकवर धरा आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही, असे होत असेल तर क्लच प्लेट घासली आहे असे समजा.

उतरताना वास आला तर?

मग संशय ब्रेकवर. सतत ब्रेक दाबून उतरले की पॅड आणि डिस्क प्रचंड तापतात आणि पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या 'डॉट ४' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल मऊ लागते आणि खाली जाते.

अशा वेळी पेडल वारंवार दाबा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका, न्यूट्रलवर तर मुळीच उतरू नका. गाडी थांबल्यावर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला करायला विसरू नका. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते. अर्धा तास थांबणे हाच उपाय. जुना नियम आजही खरा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

सपाट रस्त्यावर असाच वास आला, तर आधी हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिला आहे का, ते पाहा. एकच चाक जास्त तापले असेल, तर त्याचा ब्रेक जाम झालेला असू शकतो.

इतर वास काय सांगतात?

- जळके तेल : गॅस्केटमधून गळलेले इंजिन ऑइल गरम एक्झॉस्टवर पडत असावे.
- गोडसर वास : कूलंट गळते आहे. तापमानाचा काटा पाहा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका.
- जळके रबर : बेल्ट घसरतो आहे किंवा टायर कुठेतरी घासतो आहे. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली तरी जळका वास येतो.
- पेट्रोल किंवा गॅसचा वास : गाडी बंद करा, उतरा. पुन्हा सुरू करून पाहू नका.

सर्वांत धोकादायक वास कोणता?

वायर किंवा प्लास्टिक जळाल्याचा. उंदरांनी कुरतडलेल्या वायर, बाहेरून जोडलेले दिवे, साउंड सिस्टीम ही त्याची नेहमीची कारणे. कंपनीच्या ६० वॉटच्या बल्बला साधारण ५ अँपिअर प्रवाह लागतो, १०० वॉटच्या बल्बला ८ अँपिअरहून अधिक. वायर मात्र तीच राहते आणि तापते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावणे म्हणजे आगीलाच निमंत्रण.

इग्निशन बंद करा. दरवाजे लगेच उघडा, कारण वायर जळाल्यास सेंट्रल लॉक आणि काचा अडकू शकतात. सर्वांना गाडीपासून लांब न्या. बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. मदतीसाठी ११२, अग्निशमनासाठी १०१ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ क्रमांक आहे. इलेक्ट्रिक गाडीतील नारिंगी केबलला हात लावू नका, त्या उच्च दाबाच्या असतात.

वास गेला, मग काम संपले?

नाही. क्लच किंवा ब्रेक थंड झाल्यावर वास जातो, पण झालेली झीज तशीच राहते. वास कधी आला, चढावर की उतारावर, एसी सुरू असताना की बंद, हे मेकॅनिकला नीट सांगा. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला आणि घाटात निघण्याआधी पॅड तपासून घ्या. सामान, पाणी, खाऊ घेतला की नाही हे आपण दोनदा पाहतो. ब्रेककडेही एकदा पाहिले पाहिजे.