एका चार्जमध्ये हजार किलोमीटर, पण चालकाचे काय?

जुलै २०२०. पूर्व जर्मनीतील लाउझिट्झरिंग या शर्यतीच्या मार्गावर ह्युंदाईच्या तीन कोना इलेक्ट्रिक गाड्या फिरत होत्या. मार्ग शर्यतीचा, पण वेग मात्र गल्लीतल्या रिक्षाचा. सरासरी ताशी २९ ते ३१ किलोमीटर. बाहेरचे तापमान २९ अंशांपर्यंत चढले होते. गाडीतला एसी लावायला कुणाची मनाई नव्हती, तरी कुणी तो लावला नाही. करमणुकीचा पडदाही बंदच ठेवला. सुमारे ३५ तास हा प्रकार चालला आणि त्यात एकूण ३६ वेळा चालक बदलले. बॅटऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिन्ही गाड्यांनी हजाराचा टप्पा ओलांडला होता. १०१८.७, १०२४.१ आणि १०२६ किलोमीटर, असे त्यांचे आकडे होते. याच गाडीची युरोपीय चाचणीतली अधिकृत रेंज ४८४ किलोमीटर आहे. बॅटरीही नेहमीचीच होती, ६४ किलोवॅट-तासांची. घरच्या वीजबिलाच्या भाषेत ६४ युनिटची.

मग दुपटीहून अधिक अंतर आले कुठून?

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ६४ युनिट ही फार मोठी शिदोरी नव्हे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिटइतकी ऊर्जा असते, म्हणजे ही सगळी बॅटरी मिळून जेमतेम ७ लिटर पेट्रोल झाले. पेट्रोलचे इंजिन आपल्या वाट्याची बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते; त्या उधळपट्टीत चालकाची काटकसर बुडून जाते. विजेच्या मोटारीत वाया जाणारा भाग फारच थोडा. त्यामुळे तुम्ही किती वेगाने जाता, टायरमध्ये हवा किती आहे, एसी चालू आहे की बंद, हे सगळे थेट रेंजच्या आकड्यात उमटते. हातात मोजकेच पैसे असलेला माणूस जसा प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवतो, तसा हा चालक प्रत्येक युनिटचा ठेवतो.

सर्वात मोठा खर्च हवेचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. मध्यम आकाराच्या गाडीत ताशी ६०-७० किलोमीटरपर्यंत टायर आणि रस्ता यांच्यातला अडथळा वरचढ असतो; त्यापुढे हवाच मुख्य शत्रू होते. म्हणून सावकाश चालवले की अंतर वाढते. पण मग ताशी पाच किलोमीटरने चालवली तर आणखी वाढेल का? नाही. गाडी सुरू असली की तिचे संगणक, पंप, दिवे, पडदे मिळून दोन-तीनशे वॅट सतत खात असतात, गाडी पळो वा रांगो. फार हळू गेले तर प्रवास लांबतो आणि हा बसल्याजागचा खर्च वाढत जातो. दोन्हींचा मेळ बसतो तो वेग ढोबळ हिशेबाने ताशी २५ ते ३० किलोमीटर येतो. एसी लावला तर तोच वेग ३५-४० वर सरकतो.

मानवी शरीराची गोष्ट अगदी अशीच आहे. स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचे शरीरही सत्तर-ऐंशी वॅट खर्च करत असते. हृदय, मेंदू, यकृत यांना सुट्टी नसते. १९५८ मध्ये राल्स्टन या संशोधकाने चालणाऱ्या माणसांचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा तो एका द्रोणासारखा दिसला. फार हळू चाललात तरी दर किलोमीटरमागे खर्च जास्त आणि फार भरभर चाललात तरी जास्त. तळ होता ताशी साधारण साडेचार ते पाच किलोमीटरवर, म्हणजे कुणी न सांगता माणूस ज्या चालीने चालतो, जवळपास त्याच चालीवर. गाडीला हा वेग आकडेमोड करून शोधावा लागतो. शरीराला तो आपसूक कळतो.

या हजार किलोमीटरच्या हिशेबात एक यंत्र मात्र धरलेले नसते, ते म्हणजे चाकामागे बसलेला माणूस.

बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. चौघे बसले तर गाडीत ४०० वॅटची शेगडी पेटलेली असते, वर काचेतून येणारे ऊन वेगळे. वेगाने जाताना खिडक्या उघडल्या तर हवेचा अडथळा वाढतो, म्हणून काटकसरी चालक त्याही लावून घेतो. अशा बंद गाडीत घाम येतो, पण दमट हवेत तो वाळत नाही. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, नुसता गळल्याने नव्हे. जर्मनीतल्या २९ अंशांत तरुण चालकांनी पाळीपाळीने केलेला प्रयोग मे महिन्यात पनवेल ते महाड करून पाहणे म्हणूनच वेगळी गोष्ट आहे. मागच्या सीटवर सत्तरीच्या आजी असतील, त्या रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असतील, तर त्यांच्या शरीरातले पाणी आधीच बेताचे असते. वयपरत्वे तहानही कमी लागते, म्हणून त्या पाणी मागत नाहीत. काही मानसोपचाराची आणि सर्दी-ॲलर्जीची औषधे घाम येणेच कमी करतात. लहान मुले मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. मधुमेह्याच्या पिशवीतले इन्सुलिनही अशा उकाड्यात बिघडते, हे तर लक्षातही येत नाही.

पहिली लक्षणे साधी असतात. डोके दुखणे, चिडचिड, पायात गोळे, मळमळ. ती दिसताच थांबावे, सावलीत किंवा एसीत बसावे, पाणी किंवा ओआरएस घ्यावे. बोलणे असंबद्ध झाले, ग्लानी आली आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन करून लगेच अंगावर पाणी ओतायला, वारा घालायला सुरुवात करावी. अशा माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

दुसरी काटकसर पाण्याची. चार्जिंगचे ठिकाण लांब आहे, मध्ये थांबायचे नाही, मग लघवीला जावे लागू नये म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. बायकांच्या बाबतीत तर महामार्गावरील स्वच्छतागृहांच्या अवस्थेमुळे ही सवय फार जुनी आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना दोन तास वाहनचालनाच्या यंत्रावर बसवले गेले. पुरेसे पाणी प्यायलेल्या दिवशी सगळ्यांच्या मिळून ४७ चुका झाल्या. पाणी कमी दिलेल्या दिवशी १०१. चुका म्हणजे लेन सोडणे, उशिरा ब्रेक लावणे, अशा. प्रयोग लहान होता, जेमतेम डझनभर पुरुषांवर केलेला, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या संस्थेचे शीतपेय उद्योगाशी नाते होते. त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. पण त्यांची दिशा रोजच्या अनुभवाच्या विरुद्ध जाणारी नाही.

झोपेचा मामला अधिक गंभीर. २०१७ मध्ये इटलीतील टेस्लामालकांच्या एका गटाने मॉडेल एस ही गाडी ताशी सुमारे ४० किलोमीटरने चालवत एका चार्जमध्ये १०७८ किलोमीटर नेली. त्याला २९ तास लागले. पाच जण आळीपाळीने चालवत होते, हे त्यातले शहाणपण. पुढच्या वर्षी अमेरिकेत डेन्व्हरला मॉडेल ३ सुमारे ९७५ किलोमीटर धावली. तिथे ३२ तास लागले आणि चालक होते अवघे दोघे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी दाखवून दिले होते की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हालचालींतली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि २४ तास जागल्यावर ०.१ टक्क्याइतकी. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. जागरणासाठी मात्र पोलिसांकडे फुंकायचे यंत्र नाही. त्यातही संथ, एकसुरी चालवणे झोपेला आमंत्रण देणारे. शिवाय वाहत्या महामार्गावर ताशी ३० ने रांगणारी गाडी मागून ८० ने येणाऱ्या ट्रकसाठी धोकाच आहे. हा खेळ बंद मार्गावरच शोभतो.

पायांचेही पाहायला हवे. चार तासांहून अधिक सलग बसून केलेल्या प्रवासात पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आढळले. विमानाइतकेच हे मोटार, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. धोका मुळात लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, गरोदर, कर्करोगावर उपचार चालू असलेली किंवा आधी गुठळी होऊन गेलेली व्यक्ती गाडीत असेल तर दर दोन तासांनी उतरून चार पावले टाकणे हा औषधाइतकाच आवश्यक भाग आहे. विजेच्या गाडीवर हसणारे ज्या अर्ध्या तासाच्या चार्जिंगला नावे ठेवतात, तो अर्धा तास डॉक्टरांना हवाच असतो.

एसी बंद करून वाचते किती, याचाही हिशेब मांडून पाहावा. गाडी एकदा थंड झाली की एसी साधारण एक किलोवॅट वीज घेतो. ताशी ८० ने १०० किलोमीटर जायला सव्वा तास लागतो, म्हणजे एसीचा खर्च सव्वा युनिट. उंच बांध्याची मध्यम गाडी तेच अंतर ताशी १०० ऐवजी ८० ने गेली तर हवेच्या अडथळ्यातून सुमारे चार युनिट वाचतात, आणि उशीर होतो फक्त १५ मिनिटे. म्हणजे वेग वीसने उतरवला की एसीचा खर्च तीनदा भागतो. घामाघूम होऊन सव्वा युनिट वाचवायचे आणि एक्स्प्रेसवेवर शंभरने पळत चार युनिट उडवायचे, हा व्यवहार कुठल्याच बाजूने पटणारा नाही. निघण्याआधी गाडी चार्जरला जोडलेली असतानाच एसी लावून ती गार करून घेतली, तर तो खर्च बॅटरीवर पडतही नाही.

माणसाला न छळता हजार किलोमीटर जाता येतात, हे मर्सिडीजच्या ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीने एप्रिल २०२२ मध्ये दाखवले. झिंडेलफिंगेनहून फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कासीपर्यंत १००८ किलोमीटर, चालवण्याचा वेळ सुमारे बारा तास, खर्च १०० किलोमीटरला ८.७ युनिट. काटकसर इथे चालकाने नाही, गाडीच्या आकाराने केली. तिला होणारा हवेचा अडथळा दाखवणारा अंक ०.१७ इतका कमी आहे. अर्थात ती गाडी दुकानात मिळत नाही.

आपल्या हाती आहे तो घाट. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर चढते. १६०० किलो वजन तेवढे उचलायला नुसते भौतिकशास्त्राच्या हिशेबाने २.४ युनिट लागतात, म्हणजे सपाटीवरचे पंधरा-वीस किलोमीटर. चढताना रेंजचा आकडा भराभर उतरतो आणि धास्ती वाटते ती यामुळेच. तेव्हा घाबरून एसी बंद करण्याचे कारण नाही. परतीच्या वाटेवर मोटार उलटी जनित्रासारखी फिरते आणि यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. मात्र लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून घेतली तर उतारावर येणारी ही वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि ती साध्या ब्रेकमध्ये जळून जाते. शिवाय ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावते. तेव्हा चहा पिऊन, पाय मोकळे करून, ८० टक्क्यांवर प्लग काढून निघावे. खोपोलीला पोहोचेपर्यंत एसी चालू असूनही आकडा थोडा वर सरकलेला दिसू शकतो.