नुसता प्रश्न विचारला, नगरसेवकपद गेलं!

समजा, नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनात सभा सुरू आहे. एका भूखंडाचा विषय येतो. पेशाने वकील असलेले एक नगरसेवक विचारतात, “फाइल कुठवर आलीय?” सभागृहात रोज विचारला जाणारा साधा प्रश्न. पण भूखंडाचा मालक त्यांचाच अशील असेल, तर या एका वाक्यापायी त्यांचं पद जाऊ शकतं!

ही करामत 1949 च्या महापालिका अधिनियमाची. नाशिकची महापालिका स्थापन झाली 1982 मध्ये, म्हणजे नियम तिच्याहून तेहतीस वर्षांनी जुना. कलम 10 सांगतं, महापालिकेच्या ठेक्यात स्वतःचा किंवा धंद्यातल्या भागीदाराचा वाटा असेल, तर माणूस नगरसेवक राहायला अपात्र. पैसे खाल्ले का, काम निकृष्ट झालं का, हे सिद्ध करायची गरजच नाही. ठेका देणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत एकच माणूस दिसला की पुरे. 2027 च्या सिंहस्थासाठी निघणाऱ्या कामांनाही हीच कसोटी.

मग महापालिकेशी कसलाच व्यवहार करायचा नाही? तसंही नाही. पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात किंवा ठेका घेणाऱ्या नोंदणीकृत कंपनीत हिस्सा असला, पालिकेशी जमिनीचा भाडेपट्टा असला, तर तेवढ्यानं पद जात नाही. मात्र कलम 11 इथे दबा धरून बसलंय. आपल्या भाडेपट्ट्याचा विषय निघाला की मतदान नाही, चर्चा नाही, प्रश्नसुद्धा नाही. खुर्ची शाबूत, पण तोंडाला कुलूप! अशिलाच्या विषयात वकिलालाही तेच.

आणि नवरा-बायकोचं काय? गोव्यातल्या एका पंचायत सदस्येच्या पतीनं पंचायतीचे ठेके घेतले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2012 मध्ये तिची अपात्रता कायम झाली. कारण चक्क पोर्तुगीजकालीन विवाहकायदा! त्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामायिक, म्हणून पतीच्या ठेक्यात तिचाही वाटा. हेच जोडपं नाशिकचं असतं, तर निव्वळ लग्नामुळे असा वाटा तिच्याकडे आला नसता. ठेका तसाच, नातंही तेच. पण पद राहणार की जाणार, हे ठरवायला न्यायाधीशांना आधी त्यांच्या संसाराचा कायदा तपासावा लागतो.