देवास गेटचा आंकडा

पहिल्या वर्षाला असताना मी वर्गात सांगितलं होतं, की उज्जैनला आमच्या घरामागे आंकडा उगवलाय. सगळे हसले. मुंबईत आकडा लागतो तो मटक्याचा! माळव्यात रुईला आंकडा म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांच्या तोंडीही तोच शब्द बसलाय. या लेखात दोन्ही शब्द येतील, सांभाळून घ्या.

आमचं घर देवास गेटला, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं, नुसते बसचे हॉर्न ऐकू येतात. परसात एक पडकी भिंत आहे. तिच्या बुडाशी रुईचं झुडूप, वाळकं गवत आणि कडुनिंबाच्या पाल्याचा जाड थर. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी पाहुणे यायचे होते, म्हणून मी सफाईला लागले. रुई उपटायला गेले, पण मूळ काही हलेना. शेवटी कोयत्याने बुडापासून तोडली आणि पाला गोळा करून पेटवून दिला. आजी बाहेर आली ती ओरडतच. "अगं, आंकडा कशाला तोडलास? शनिवारी मारुतीला काय वाहू आता?"

दुसऱ्या दिवशी राख उपसताना खालच्या भुसभुशीत मातीत पांढरी, लांबट अंडी निघाली. भाजलेली. सरड्याची होती, हे तेव्हा मला कळलंही नाही. आपला नेहमीचा बागेतला सरडा, उन्हाळ्यात ज्याच्या नराचा गळा लालभडक होतो, त्याची मादी मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, वर माती ओढून निघून जाते. पुढचे सहा-सात आठवडे राखण मातीनंच करायची. माझ्यासाठी तो कचरा होता.

पुढच्या एप्रिलात मंडळाच्या मुलांबरोबर धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले. तुमच्यापैकी अनेकांनी ते लोकलमधून किंवा लिंक रोडवरून नुसतं पाहिलं असेल. मिठी नदीच्या काठची ही साधारण ३७ एकर जागा एकेकाळी मुंबईची कचरापट्टी होती. कचऱ्यावर माती टाकून, झाडं लावून तिथे रान वाढवलं आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. बहावा फुलला होता, सगळ्यांनी फोटो काढले. मी मात्र पायवाटेकडेला थांबले. वाळला पाला तिथे तसाच पडू दिला होता. हात घातला तर वर कोरडा, खाली चक्क ओलसर. पाल्याखाली माती तापत नाही, ओल टिकते, आणि गांडुळापासून गोमेपर्यंत सगळे त्या ओलीच्या आधारानं पावसाची वाट बघतात.

आणि तिथेच एका रुईच्या पानावर बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी दिसली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे. तेव्हा पहिल्यांदा मला माझा तोडलेला आंकडा नीट आठवला.

रुईचं हे बिऱ्हाड समजून घेण्यासारखं आहे. पानांवर पांढुरकी पूड असते, त्यामुळे ऊन परतवलं जातं आणि पानातलं पाणी जपलं जातं. मूळ खोल, म्हणून तर ते माझ्या हाताला दाद देईना. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, डोळ्यात गेला तर इजा होते, तेव्हा हात लावलात तर आधी धुवा. गुरंही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. कडव्याची अळी मात्र ते विष पचवते आणि स्वतःच्या अंगात साठवते. अंड्यातून आल्यावर तिचं पहिलं जेवण म्हणजे अंड्याचं टरफल, मग रुईचं पान. ते विष पुढे फुलपाखरातही राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या केशरी पंखांच्या नादी लागत नाही. याचा फायदा घेते छोटा चांदवा या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. तिच्यात विष नसतं, पण रूप मात्र हुबेहूब कडव्याचं!

फुलाचा कारभार वेगळाच. रुईचे परागकण सुटे उडत नाहीत, छोट्या पुडक्यांत बांधलेले असतात. मधासाठी आलेल्या काळ्या भुंग्याचा पाय फुलाच्या फटीत अडकतो, आणि तो पाय ओढून काढताना पुडक्यांची जोडी त्याला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जाते. फळ तडकलं की रेशमी केसांचं बी वाऱ्यावर निघतं. लहानपणी जिच्यामागे आपण धावलो ती म्हातारी हीच.

या मे महिन्यात घरी आले तर भिंतीच्या बुडाशी रुई पुन्हा कमरेएवढी झाली होती. मूळ निघालं नव्हतं, हे नशीब. शेजारच्या कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे. प्रत्येकाच्या तळाशी एक किडा जबडा उघडून दबा धरून बसतो. मुंगी कडेवर आली की धूळ सरकते आणि ती थेट त्याच्या तोंडात. हा किडा मोठेपणी चतुरासारखा पंखवाला होतो. त्याला कोरडी, मऊ धूळच लागते. पहिल्या सरीबरोबर उघड्यावरचे खड्डे मोडतात आणि मातीतून मखमली लाल मृगाचे किडे वर येतात. म्हणजे परसातली ती धूळसुद्धा रिकामी नव्हती. (भिंतीवरच्या खारीचे पट्टेही मी यंदा मोजले, पाच. मुंबईच्या खारीला बहुधा तीनच असतात. विंध्याच्या दक्षिणेला साधारणपणे तीन पट्ट्यांची खार.)

पाला मी यंदाही झाडला, पण दारापुरता. सगळा भिंतीकडे लोटला, काडी लावली नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "इथे साप येईल ना?" प्रश्न काही चुकीचा नाही. म्हणून ढीग दारापासून लांब ठेवलाय, आणि काठीने चाळवल्याशिवाय त्यात हात घालत नाही.

आजीला मी पानाखालची अळी दाखवली. तिनं चष्मा पुसून पाहिली, काही बोलली नाही. शनिवारी मारुतीसाठी पानं तोडताना मात्र ती एकेक पान उलटून बघत होती. एक पान तिनं झाडावरच सोडलं आणि शेजारचं घेतलं.