थांबण्याची किंमत कोणी द्यावी?

नागपूर रेल्वे स्थानकापासून काही अंतरावर, मोहननगरच्या बाजूला, दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा आणि हावड्याहून मुंबईकडे जाणारा असे देशाचे दोन प्रमुख लोहमार्ग एकमेकांस छेदून जातात. रुळांच्या या छेदास ‘डायमंड क्रॉसिंग’ म्हणतात आणि नागपूरकर त्याचा उल्लेख अभिमानाने करतात. अभिमानाची खरी गोष्ट मात्र रुळांच्या त्या आकृतीत नाही. शेकडो टन वजनाच्या गाड्या जेथे दिवसरात्र एकमेकींची वाट ओलांडतात, तेथे त्यांची टक्कर होऊ नये याची तजवीज माणसाने आधीच करून ठेवली आहे, ही ती गोष्ट होय. एका मार्गास सिग्नल दिला की त्याला छेदणाऱ्या मार्गाचा सिग्नल देताच येत नाही. यंत्रणाच तो जखडून ठेवते. रेल्वेच्या परिभाषेत यास ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात. माणूस चुकणार, हे येथे गृहीत धरलेले आहे आणि त्याची चूक जिवावर बेतू नये अशी योजनाही केलेली आहे.

याच शहरात रस्ता जेथे रस्त्याला किंवा रुळांना छेदतो, तेथे मात्र नेमके उलटे गृहीत धरले जाते. माणूस सावध असेल, समंजस असेल, पिवळा दिवा दिसताच वेग कमी करील आणि फाटक पडू लागताच मागे थांबेल, या भरवशावर सारा कारभार चालतो. प्रत्यक्षात पिवळा दिवा दिसताच वेग वाढतो, हे सायंकाळी पाच वाजता कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहणाऱ्यास कळेल. मग अपघात घडतो, दोन दिवस हळहळ होते आणि ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ या निष्कर्षाशी चर्चा संपते. हा निष्कर्ष सोयीचा आहे. कारण दोष सर्वांचा म्हटला की जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

दोन फाटके, एक वर्ष

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरनजीक कन्हान परिसरातील एका मानवरहित फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेगाडीची धडक बसली. पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. कायद्याच्या दृष्टीने अशा फाटकावरील कर्तव्य अगदी स्पष्ट होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम सांगते की, राखणदार नसलेल्या फाटकापाशी चालकाने वाहन थांबवावे; वाहक, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करावी; सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे आणि मगच रूळ ओलांडावेत. नियम उत्तम आहे. परंतु वाजंत्री, गर्दी, मुहूर्ताची घाई आणि इंजिनाचा आवाज यांत तो कितीजणांना आठवावा? पन्नास जिवांचे रक्षण एका चालकाच्या त्या क्षणीच्या स्मरणशक्तीवर सोपविलेले होते, हा त्या दुर्घटनेचा खरा अर्थ आहे.

त्यानंतर सहा आठवडेही लोटले नव्हते. १५ मार्च २००५ रोजी जपानमध्ये, तोक्योच्या अदाची विभागात ताकेनोत्सुका स्थानकाजवळच्या फाटकावर दोन स्त्रिया गाडीखाली सापडून मरण पावल्या. हे फाटक मानवरहित नव्हते. राखणदार हाताने ते उघडत-मिटत असे आणि गाडी येत असतानाच त्याने ते वर केले होते. गाड्यांची वर्दळ एवढी की गर्दीच्या वेळी ते बराच काळ मिटलेलेच राही आणि ताटकळलेल्या लोकांची अधीरता राखणदाराच्या डोक्यावर बसलेली असे. पुढे न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. पण प्रश्न त्या एका माणसाच्या शिक्षेने सुटणारा नव्हता. अखेर तेथील लोहमार्गच उंचावर नेण्यात आला आणि मार्च २०२२ मध्ये ते फाटक नाहीसे झाले. सतरा वर्षे लागली, हे खरे. तथापि काम शेवटास गेले.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. कन्हानला भार चालकावर होता, ताकेनोत्सुकाला राखणदारावर. देश निराळे, स्वभाव निराळे. परंतु सुरक्षिततेचा सारा भार एका माणसावर टाकला की परिणाम सारखाच.

शिस्त ही जन्मजात नव्हे

जपानी माणूस मुळातच शिस्तप्रिय, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आकडे तिला दुजोरा देत नाहीत. १९७० साली जपानमध्ये रस्त्यांवरील अपघातांत १६,७६५ माणसे मेली. त्या काळास तेथील लोक ‘वाहतुकीचे युद्ध’ म्हणत. त्याच वर्षी वाहतूक सुरक्षिततेचा मूलभूत कायदा तेथे संमत झाला आणि केंद्रापासून स्थानिक संस्थांपर्यंत प्रत्येकाने ठराविक मुदतीच्या योजना आखण्याचे बंधन आले. २०२० साली मृतांची संख्या २,८३९ झाली. ही मोजणी अपघातानंतर चोवीस तासांत दगावलेल्यांची आहे. पण मोजण्याची रीत दोन्ही वर्षी तीच होती. पन्नास वर्षांत मोटारी कितीतरी पटींनी वाढल्या आणि मृत्यू सहाव्या हिश्श्याच्या आसपास आले. एवढ्या अवधीत राष्ट्राचा स्वभाव बदलत नसतो. बदलली ती व्यवस्था.

फाटकांचा इतिहासही हेच सांगतो. १९६१ मध्ये जपानने फाटकांच्या सुधारणेसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या सुमारास तेथे सत्तर हजारांहून अधिक फाटके होती. आज ती निम्म्याहून कमी आहेत. जी उरली त्यांपैकी बहुतेकांवर स्वयंचलित दांडा व घंटा आहे आणि अनेक ठिकाणी वाटसरूने दाबताच येणाऱ्या गाडीस इशारा देणारे संकटकालीन बटणही आहे. शिवाय फाटक उघडे असले तरी प्रत्येक वाहनाने रुळांपूर्वी क्षणभर थांबून खात्री केलीच पाहिजे, असा तेथील रस्ता-वाहतूक कायद्याचा दंडक आहे. पलीकडे वाहन मावण्याइतकी जागा नसेल तर रुळांवर शिरणेही निषिद्ध आहे. आपल्या १३१ व्या कलमाशी या नियमाचे नाते जवळचे आहे. फरक इतकाच की, तेथे नियमाच्या पाठीशी दांडा, घंटा आणि बटण उभे आहे. कन्हानला नियम एकटाच उभा होता.

भारतीय रेल्वेनेही या दिशेने मोठी मजल मारली, हे नमूद केलेच पाहिजे. ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर नाहीशी करण्यात आली. परंतु फाटकावर माणूस नेमला म्हणजे काम संपले नाही. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मंकुप्पम येथे शाळेच्या गाडीला रेल्वेची धडक बसून तीन विद्यार्थी मरण पावले. तेथे राखणदार होता. नव्हते ते इंटरलॉकिंग. फाटक मिटल्याखेरीज गाडीस सिग्नलच मिळू नये, ही सोय त्या फाटकास नव्हती. कारण रेल्वेच्या हिशेबात ती सोय वर्दळीवर ठरते. दिवसभरातील गाड्यांच्या संख्येस रस्त्यावरील वाहनांच्या संख्येने गुणून जो आकडा येतो, तो वीस हजारांवर गेला तर इंटरलॉकिंग, असा दंडक होता. अपघातानंतर ही मर्यादा दहा हजारांवर आणण्यात आली. ज्या गुणाकाराने मुलांचे भवितव्य ठरत होते, तो बदलण्यास मुलांचे मरण आवश्यक असावे काय?

हिशेबात न येणारा पादचारी

पैसा नाही, ही सबबही तपासून पाहिली पाहिजे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात सर्व फाटके, राखणदार असलेली व नसलेली, पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली होती. खर्चाचा अंदाज पन्नास हजार कोटी रुपयांचा होता. देखभालीतील बचत व गाड्यांची सुधारलेली ये-जा यांतून तो सात-आठ वर्षांत भरून निघेल, असेही समितीने दाखविले होते. म्हणजे प्रश्न खर्चाचा जितका, तितकाच खर्च आज करण्याच्या तयारीचा होता. पूल बांधला नाही तर खर्च वाचतो, हा भ्रम आहे. तो खर्च फाटकापाशी ताटकळणाऱ्यांच्या तासांतून आणि क्वचित त्यांच्या प्राणांतून वसूल होतच असतो. सरकारी जमाखर्चात तो दिसत नाही, एवढेच.

त्याच समितीने आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले होते. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसे मरतात. पण कागदोपत्री ती ‘रेल्वे अपघातां’त मोडत नाहीत, कारण त्यांचे रुळांवर येणेच बेकायदा ठरते. नागपूरच्या दृष्टीने हा मुद्दा आज विशेष महत्त्वाचा आहे. कामठी मार्गावर गड्डीगोदाम येथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजली रचना उभी आहे. अभियंत्यांच्या कौशल्याचा तो नमुना आहे. मात्र उड्डाणपूल हा चाकांसाठी असतो. जेथे फाटक कायमचे मिटून पूल उभा राहतो, तेथे दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी, भाजीची पाटी घेतलेली बाई आणि सायकलवरचा चतुर्थ श्रेणी कर्मचारी यांना पलीकडे जाण्यासाठी पुलाचा लांबलचक चढ तरी चढावा लागतो, नाहीतर पूर्वीच्याच जागी रूळ तरी ओलांडावे लागतात. ते दुसरा मार्ग पत्करतात. फाटक गेले, तरी ओलांडणारा राहिलाच. फक्त काल जो ‘अपघातग्रस्त’ ठरला असता, तो आज ‘अतिक्रमक’ ठरतो.

चौकांचीही स्थिती वेगळी नाही. चारही दिशांच्या वाहनांसाठी सेकंद मोजून दिलेले असतात. पायी चालणाऱ्याने मात्र त्यांतूनच आपली फट शोधायची. झेब्रा पट्ट्यांवर वाहने उभी, डावीकडे वळणारी वाहने अखंड सुरू, अशा वेळी वृद्ध माणसाने पाऊल कधी टाकावे? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. या संख्येपुढे केवळ उपदेश अपुरा आहे.

करावयाचे ते फारसे अवघड नाही. फाटक मिटवून पूल बांधताना त्याच जागी पादचारी व सायकलींसाठी उजेडाचा, पाणी न तुंबणारा भुयारी मार्ग मूळ अंदाजपत्रकातच धरावा. मागाहूनच्या मागणीवर तो सोडू नये. जी फाटके राहतील त्यांना वर्दळीचा गुणाकार न पाहता इंटरलॉकिंग द्यावे. चौकात चारही बाजूंस तांबडा दिवा राहील असे काही सेकंद केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखावेत आणि थांबरेषा झेब्रा पट्ट्यांपासून मागे घ्यावी. कोणत्या जागी किती माणसे मेली याची यादी महापालिका, पोलीस व रेल्वे यांनी मिळून दरवर्षी प्रसिद्ध करावी आणि तीत रुळांवर मेलेला ‘अतिक्रमक’ही मोजावा. जे मोजले जात नाही, त्यावर खर्चही होत नाही.

थांबणे ही सुरक्षिततेची किंमत आहे आणि ती कोणीतरी दिलीच पाहिजे. प्रश्न इतकाच की, ती सर्वांनी थोडी थोडी द्यावी, की ज्याच्यापाशी चाके नाहीत त्याने एकट्याने आणि एकदाच द्यावी? मोहननगरच्या त्या छेदावर मालगाडी सिग्नलपाशी मुकाट्याने उभी राहते आणि दुसरी गाडी सुखरूप निघून जाते. पोलादाच्या गाड्यांसाठी जी काळजी या शहरात घेतली जाते, तेवढीच पायी चालणाऱ्या माणसासाठी घ्यावी, ही मागणी अवाजवी खासच नाही.