दुर्गाबाई आणि कुलीनतेचा दाखला

दुर्गा खोटे यांच्या जयंतीचा जानेवारी किंवा पुण्यतिथीचा सप्टेंबर आला, की वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी चार शब्द लिहिले जातात आणि त्यांत एक वाक्य हटकून असते: चित्रपटाच्या पडद्यावर पाऊल टाकणारी पहिली कुलीन स्त्री. हे वाक्य ह्याच स्तंभात आमच्याही हातून पूर्वी लिहिले गेले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सवयीने लिहिलेले काही शब्द पुढे केव्हातरी खटकू लागतात आणि मग ते डोळ्यांआड करता येत नाहीत. 'कुलीन' हा असाच एक शब्द. दुर्गाबाईंचा गौरव करायचा म्हणून आपण तो वापरतो. त्या गौरवाची किंमत कोणी मोजली, ह्याचा विचार निदान गोमंतकात तरी व्हावयास हवा.

दुर्गाबाई मुळाने आपल्याच. 14 जानेवारी 1905 रोजी त्यांचा जन्म मुंबईत लाड घराण्यात झाला. घराणे गोव्याकडचे, वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आईचे नाव मंजुळाबाई. गिरगावातील कांदेवाडीच्या मोठ्या एकत्र कुटुंबात त्या वाढल्या. शिक्षण कॅथेड्रल हायस्कूल आणि सेंट झेवियर महाविद्यालय अशा इंग्रजी वळणाच्या संस्थांत झाले. घरात भाषा कोंकणी, आणि पुढे 1982 साली आपले आत्मचरित्र लिहिले ते मराठीत. त्या घरी ह्या दोन भाषांचे कधी भांडण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही, एवढेच जाता जाता नमूद करतो.

खोट्यांचे घरही श्रीमंत. पण तेथील वैभव उतरणीस लागले, आणि दोन मुलांच्या पालनपोषणाचा भार ह्या सुखवस्तू घरातल्या तरुण सुनेच्या अंगावर येऊन पडला. मोहन भवनानी यांच्या 1931 सालच्या 'फरेबी जाल' या चित्रपटात त्यांनी एक छोटे काम पत्करले ते पैशाची निकड होती म्हणून. चित्रपट सुमार होता. जाहिरातीत मात्र ह्या नव्या नटीच्या माहेरच्या आणि सासरच्या नावांचा पुरेपूर उपयोग करून घेण्यात आला. व्हायचे तेच झाले. आप्तेष्टांनी आणि समाजाने त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला, आणि ज्या घराण्याच्या नावामुळे काम मिळाले त्याच घराण्याचे नाव बुडविल्याचा ठपका त्यांच्या माथी आला. हा प्रसंग दुर्गाबाईंनी आपल्या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता सांगितला आहे. वाचकाच्या लक्षात राहतो तो त्यातील अपमानाहून अधिक त्यामागचा साधा हिशेब: घरात पैसा नव्हता आणि मुले लहान होती.

असे असता पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने त्यांना बोलावले. कोल्हापुरात व्ही. शांताराम 'अयोध्येचा राजा' घडवीत होते. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, आणि तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाई. 1932 साली प्रदर्शित झालेला हा पहिला मराठी बोलपट. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे नटाने बोलावे तसे गावेही स्वतःच लागे. राजवाडा सोडून काशीच्या बाजारात विकली जाणारी राणी पडद्यावर उभी करणाऱ्या ह्या बाईने आपल्या घरातील वैभवाची उतरण नुकतीच पाहिलेली होती. तिच्या अभिनयातला खरेपणा त्यातून आला असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. असल्या जुळवाजुळवीत टीकाकार फार लवकर गुंततात. पण तारामती गाजली, आणि आदल्या वर्षी नाके मुरडणाऱ्या समाजाने दुर्गाबाईंच्या कृतीस आता धाडस हे नाव दिले. कृती तीच, व्यक्ती तीच. मध्ये फक्त यश आले होते.

ह्याच तारामतीचा आधीचा इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा त्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणास लुगडे नेसवावे लागले. परंतु त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. भारतीय चित्रपटातील पहिल्या स्त्रिया त्या ह्या मायलेकी. पतीपासून वेगळे झाल्यावर दुर्गाबाई कामतांनी मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीचा रस्ता धरला आणि त्यासाठी समाजाचा रोष सोसला. ही कमलाबाई म्हणजेच कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे ज्या कुळाच्या मोजपट्टीने आपण दुर्गा खोट्यांना पहिले स्थान देतो, त्या मोजपट्टीनेही त्या पहिल्या ठरत नाहीत. अठरा वर्षे आधी आणखी एक दुर्गाबाई तिथे जाऊन आलेली होती. तिच्यामागे सॉलिसिटर वडिलांचे नाव नव्हते, म्हणून ती विस्मरणात गेली.

तथापि आमचे दुखणे ह्या कालगणनेच्या चुकीपुरते नाही. दुर्गा खोट्यांच्या जन्माच्या सहा महिने आधी, 15 जुलै 1904 रोजी, सांगे तालुक्यातील कुर्डी गावी मोगूबाईंचा जन्म झाला. गोव्यातील देवळांच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या गाणे सांभाळणाऱ्या कलावंत समाजातील ही मुलगी. आई जयश्रीबाई लवकर गेल्या. वयाची दहा-बारा वर्षेही पुरी झाली नसतील, तेव्हा ही पोर नाटक मंडळीत होती. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत तिने सुभद्रा केली, किंकिणी केली. मग अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. दुर्गाबाई स्टुडिओत गेल्या त्याच्या कितीतरी आधी मोगूबाई रंगभूमीवर होत्या, आणि त्याही पोटासाठीच. एकीच्या वाट्याला त्यापायी 'धाडसी' हे विशेषण आले. दुसरीच्या बाबतीत तो जन्मजात धंदाच धरला गेला, आणि धंद्याला धाडस कोण म्हणणार?

मैफलीच्या दौऱ्यांत आपल्या आईला कशी वागणूक मिळत असे, ह्याची आठवण किशोरीताई आमोणकर अखेरपर्यंत बोलून दाखवीत. कलावंताचा मान राखला जावा म्हणून त्या धरीत असलेल्या आग्रहाला अनेकांनी हेकटपणा म्हटले. त्याचे मूळ त्या आठवणीत होते. 1974 साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी गोव्याची कन्या म्हणून आनंद केला. परंतु कुर्डीच्या ह्या मुलीला गोव्याची कन्या म्हणावयास आपल्याला किती वर्षे लागली? स्वातंत्र्याच्या चळवळीत आम्ही समतेच्या घोषणा दिल्या, त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच काळात एखाद्या गायिकेचे नाव निघाले की आमच्याच बैठकीतील भलीभली माणसे आवाज खाली आणीत, हेही आम्ही पाहिले आहे. आणि तेव्हा कोणाला टोकलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की दुर्गाबाईंचा यात काय दोष? काहीच नाही. उलट कुलाचा दाखला बाजूला ठेवला तर त्या अधिक मोठ्या दिसतात. एका कंपनीशी पगारी करार करून तिथेच राहण्याची त्या काळी रीत होती. दुर्गाबाई कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा स्वतंत्रपणे वावरल्या. 'माया मच्छिंद्र' मधील चित्ता बाळगणारी राणी करून त्या कलकत्त्यास गेल्या आणि देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (1933) आणि 'सीता' (1934) या चित्रपटांत पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत उभ्या राहिल्या. 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला. अत्र्यांची 'पायाची दासी' आणि विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप' मधील कैकेयी ह्या चाळिशीच्या दशकारंभीच्या भूमिकांनी त्यांचे नाव पक्के केले.

पण आमच्या मते त्यांचे खरे शिखर 1936 च्या 'अमरज्योती' तील सौदामिनी. राज्याचा कायदा आईला तिच्या तान्ह्या मुलाचा ताबा नाकारतो, आणि ही सौदामिनी समुद्रावर जाऊन चाच्यांची नायिका होते. राणीचे गलबत लुटते, ज्या मंत्र्याने न्याय नाकारला त्याला कैद करते. पौराणिक सतींची मालिका चालू असताना प्रभातने असा चित्रपट काढावा आणि आदल्या चार वर्षांत तारामती, मीरा, सीता झालेल्या नटीने त्यात सूडाने पेटलेली दर्यासारंग व्हावे, ही साधी गोष्ट नव्हती. कर्यात तलवार आणि डोळ्यांत मुलाचा वियोग, हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर पाहावयाचे तर तो चित्रपट आजही पाहावा. कुलीन स्त्रीने साकारायची भूमिका म्हणून ज्यांच्या मनात काही कल्पना असतील त्यांनी तर अवश्य पाहावा.

रंगभूमीवर 'राजमुकुट' मध्ये नानासाहेब फाटकांच्या समोर त्यांनी केलेली लेडी मॅकबेथची मराठी बहीण, 'मुगल-ए-आझम' (1960) मधील पती आणि पुत्र यांच्यात दुभंगलेली जोधाबाई, समोर पुन्हा तेच पृथ्वीराज. आणि 1973 च्या 'बॉबी' मधील मिसेस ब्रागांझा. घरात कोंकणी बोलत वाढलेल्या बाईने वयाच्या सत्तरीकडे झुकताना गोव्याकडची ख्रिस्ती आजी उभी केली, तेव्हा आमच्याकडच्या प्रेक्षकाला ती ओळखीची वाटली यात नवल नाही. 1974 च्या 'बिदाई' साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही मिळाला. सुमारे दोनशे चित्रपट, शिवाय लघुपट आणि दूरदर्शनवरील 'वागळे की दुनिया' ची निर्मिती. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्या गेल्या. मोगूबाई त्यानंतर दहा वर्षांनी, 2001 साली. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे; उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या भिंतींचे चौथरे वर येतात आणि गावकरी तिथे जाऊन दिवा लावून येतात.

ह्या दोघी बायका जवळजवळ एकाच वयाच्या, दोघींचे मूळ ह्याच मातीत, दोघींनी ऐन उमेदीत मुले आणि पोट सांभाळण्यासाठी लोकांसमोर उभे राहावयाचे ठरविले. एकीच्या स्तुतीसाठी जो शब्द आपण वापरतो तो दुसरीच्या दारावर अडसर म्हणून लागलेला होता. ह्या वर्षापासून आमच्या पत्रात कोणाही अभिनेत्रीच्या किंवा गायिकेच्या परिचयात 'कुलीन' हे विशेषण छापले जाऊ नये, अशी सूचना आम्ही संपादकीय विभागास दिली आहे. मुद्रितशोधकाने विचारले, वाक्यात मग त्या जागी काय घालावे. काहीच घालू नये, वाक्य तसेच वाचून पाहावे, असे आम्ही सांगितले. आमच्या काही जुन्या वाचकांना ही सूचना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांनी तसे कळवावे. पत्रे छापली जातील.