रॅट-ट्रॅप बाँड : तंत्राचा स्वीकार आणि इमारतीची कार्यक्षमता

बांधकामातील नवे तंत्र रुजणे हे त्याच्या गुणांइतकेच त्याच्या रचनेवर अवलंबून असते. केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी प्रचारात आणलेली ‘रॅट-ट्रॅप बाँड’ ही वीटरचना याचे बोलके उदाहरण होय. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात. त्यामुळे भिंतीत पोकळी राहते, विटांची सुमारे २५ टक्के बचत होते व पोकळीतील हवेमुळे उष्णतेचे वहन मंदावते. नेहमीचीच वीट व अवजारे पुरत असल्याने गवंड्यास हे तंत्र आत्मसात करणे सुलभ जाते. मात्र विटा एकसारख्या मापाच्या नसतील किंवा प्रशिक्षण अपुरे असेल, तर मसाला पोकळीत पडून उष्णतारोधाचा लाभ घटतो. सारांश, कारागिराचे कौशल्य हा आराखड्याचाच घटक मानला पाहिजे.